पंधरा रुपयांचा सातबारा

माझं दुकान लासलगावजवळच्या एका बाजारगावात, एसटी स्टँडला लागून. आधी तिथे एसटीडी बूथ होता, मग दोन कॉम्प्युटर आणून सायबर कॅफे केला, आता ई-सेवा केंद्राचा बोर्ड आहे. लहानपणी पोलिओने एक पाय गेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मंजूर झाला. वडिलांचं गणित सोपं होतं: बसून करायचं काम आहे, पोरीला जमेल. तेव्हापासून मी त्याच टेबलामागे बसलेली आहे आणि समोरून माहिती येते-जाते आहे. इंटरनेटने गावाचं भलं झालं म्हणणारे आणि वाटोळं झालं म्हणणारे, दोघंही माझ्याच दुकानात झेरॉक्स काढायला येतात आणि बाकावर बसून भांडतात. मला दोघांचंही पुरतं पटत नाही.

बूथची काचेची केबिन म्हणजे नुसता देखावा. दार लावलं तरी आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, कारण लांबचा फोन म्हटला की लोक ओरडूनच बोलायचे. वर लाल आकडे पळत असायचे आणि बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या आकड्यांवर. रात्री दर उतरायचे, म्हणून जेवणं उरकून लोक रांगेत यायचे. नवी सासुरवाशीण माहेरी फोन लावून ‘मी बरी आहे’ एवढंच म्हणायची आणि रडायची. पैसे रडण्याचेही पडायचे. कांद्याचे व्यापारी कोलकात्याला नाहीतर चेन्नईला फोन लावायचे, तेव्हा बाहेर चार शेतकरी बिडी ओढण्याच्या निमित्ताने उभे असायचे. भाव फुटला तर तो तिथेच फुटायचा. मयताचा निरोप आला की मी पोराला सायकलवर मळ्यात पाठवायचे आणि बजावायचे, ‘काय झालं ते सांगू नको, फोन आलाय एवढंच म्हण.’

एकदा एका मुलीचे वडील दुपारच्या शांत वेळी आले. पोरगी रोज कॉलेजवरून येताना इथे थांबते, ती फोन कुणाला लावते, असं त्यांनी विचारलं. मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक पावतीवर नंबर छापलेला असायचा आणि पावतीची एक प्रत माझ्या खिळ्याला टोचलेली असायची. मी म्हटलं, काका, मशीनमध्ये नंबर राहत नाही. ते गेल्यावर खिळ्यावरच्या पावत्या चुलीत घातल्या. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली: कुणाची माहिती आपल्या हातात आली म्हणून ती सांगायचा हक्क आपल्याला मिळत नाही. आज अशा वडिलांना मला विचारायची गरज उरलेली नाही. ते मुलीचा मोबाइलच मागून घेतात.

२००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि बूथ बसला. त्याआधी फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडायचे, हे आताच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. सायबर कॅफेची काही वर्षं मी भरभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं एकच: दहावीच्या निकालाचा दिवस. दुपारी एकच्या आसपास सगळा गाव दुकानासमोर. एकेक सीट नंबर टाकायचा, पान उघडायला पाच-पाच मिनिटं, आणि नापास झालेल्या पोराचं नाव मोठ्याने न घेण्याचं कसब मलाच दाखवावं लागायचं. आता निकाल ज्याच्या-त्याच्या हातात येतो. बरंच झालं.

त्या काळात माहिती कुणाकडे असायची, हे मात्र नीट आठवून पाहिलं पाहिजे. सातबाऱ्याचंच घ्या. तलाठ्याकडे चार-पाच गावांचा सजा. ते आज कुठल्या गावी आहेत हे कधीकधी कोतवालालाही ठाऊक नसायचं. उताऱ्याची फी नाममात्र होती, पण दोन-तीन खेपा, तेवढ्या दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं आणि ‘चहापाणी’ धरलं तर तो कागद चांगलाच महागात पडायचा. त्याहून मोठी अडचण पैशांची नव्हतीच. उताऱ्यावर काय लिहिलंय हे बघण्यासाठी आधी विचारावं लागायचं आणि कोण विचारतंय ते गावाला कळायचं. बाईमाणसाने विचारलं तर दिवस मावळायच्या आत तिच्या भावाच्या कानावर.

आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, आणि नुसता बघायचा असेल तर तेवढेही लागत नाहीत. काही वर्षांपूर्वी राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी एक बाई एसटीतून उतरून घरी न जाता थेट माझ्याकडे आली. माहेर आमच्या गावचं, दिलेली नगर जिल्ह्यात. भावांनी येताना आधार कार्ड आणि दोन फोटो आणायला सांगितले होते. वारसाचं काम आहे, नुसती सही पाहिजे, म्हणाले होते.

‘ताई, गट नंबर काय मला माहीत नाही. वडलांचं नाव सांगते, सापडंल का?’

सापडलं. वडील वारल्यावर वारस नोंद आधीच झाली होती आणि दोन्ही भावांच्या नावांखाली तिचं नाव होतं. ती चौथी शिकलेली. पडद्यावर बोट ठेवून तिने आपलं नाव दोनदा वाचलं, मग वडिलांचं वाचलं, मग पुन्हा आपलं.

‘सही केली तर?’

‘मग पुढच्या वेळी हे नाव दिसणार नाही. हक्कसोड म्हणतात त्याला.’

‘अन् नाही केली तर माहेर दिसायचं नाही,’ तीच म्हणाली.

तिने प्रिंट घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली, माझ्याकडचं पाणी प्यायली आणि गेली. पुढे तिने हक्कसोड दिली, पण वर्षभराने, आणि धाकट्या मुलीच्या नर्सिंगची सगळी फी भावांनी भरायची असं आधी ठरवून घेऊन. हा सौदा कमी पडला असं शहाणी माणसं म्हणतील. हिशेबाने कमी पडलाच. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. ही बाई त्या हक्काची मालक होती आणि तिला ते स्टँडवर उतरल्यावर कळलं. पण सही करायच्या आधी कळलं. तिच्या आईच्या वेळी एवढंही झालं नसतं. आता सणावाराला माहेरवाशिणी माझ्याकडे येतात, झेरॉक्स काढायच्या निमित्ताने, आणि हळूच वडिलांचं नाव सांगतात. या कामाचे मी बऱ्याचदा पैसे घेत नाही.

माहितीच्या अधिकाराचंही असंच. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आमच्या एका तरुणाने गावच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागितली होती. अर्ज मीच टाइप करून दिला. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस माझ्या बाकावर येऊन बसला आणि त्या तरुणाच्या घरी कोण-कोण असतं याची चौकशी करू लागला. माहिती यायला तीस दिवस, अर्जदाराचं नाव पोचायला तीन. रस्त्याचं उत्तर शेवटी आलं, अपिलानंतर, आणि खडीचा एक थर कागदावर होता तो जमिनीवर नव्हता हे सिद्धही झालं. तो तरुण आता पुण्यात नोकरी करतो. गावात राहणं त्याला नको वाटलं.

इथवरचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई एकूण नव्या जमान्याच्या बाजूने आहे. आहेच. आता एक जानेवारीची गोष्ट सांगते.

आमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. आधारची सुरुवात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली, २९ सप्टेंबर २०१० ला. नंतर कधीतरी आमच्या शाळेत कॅम्प लागला. जन्मतारीख विचारली की म्हातारी माणसं म्हणायची, ‘मोठ्या दुष्काळात माझी थोरली पोरगी पोटात होती.’ म्हणजे १९७२. ज्याला हिशेब येतो त्याला एवढ्यावरून वय काढता येतं. पण बाहेर रांग आणि मशीनवर बसलेलं पोरगं दिवसाच्या टार्गेटवर. ते चेहरा बघायचं, एक वर्ष टाकायचं, आणि तारीख महिन्याच्या जागी एक जानेवारी पडायची. उन्हात राबलेल्या बाईचा चेहरा दहा वर्षं जास्तच सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या दोन जावा आहेत. कार्डावर थोरली धाकटीपेक्षा सहा वर्षांनी लहान. बरीच वर्षं हा घरातला विनोद होता. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले. वयाची अट २१ ते ६५, महिन्याला १५०० रुपये. थोरली बसली, धाकटी वयाने बाहेर गेली. धाकटी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘ताई, मी नवरी होऊन आले तवा हिनंच माझी ओटी भरली. ही माझ्यापरीस लहान कशी असंल?’ रांगेतल्या बायका हसल्या, तीही हसली. मग हसणं थांबलं. मी तिला श्रावणबाळ योजनेचं सुचवलं, कार्डावर पासष्ट उलटलेली आहे तर त्याचा तरी उपयोग होईल; तिथे उत्पन्नाची अट आडवी आली.

दुरुस्ती करून घ्या, असं कुणीही म्हणेल. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्याला कागद लागतो. शाळेचा दाखला? ती शाळेत गेली नाही. जन्मनोंद? ती बांधावरच्या झोपडीत जन्मली. जे वय एका पोराने तिच्याकडे एक नजर टाकून मिनिटात लिहिलं, ते खोडायला तिच्याकडे आयुष्यभराचा पुरावा मागतात. आणि तिची जाऊ, जिच्या समोर ती नवरी म्हणून आली, तो पुरावा धरत नाहीत.

या टेबलामागे बसून मला जे कळलं ते हेच. माहिती मिळणं फार स्वस्त झालं आहे. चुकीची माहिती दुरुस्त करून घेणं पूर्वीपेक्षा महाग झालं आहे. आणि चूक आता एका वहीत राहत नाही. आधारवरची तारीख रेशनला जाते, बँकेला जाते, पेन्शनला जाते.

कांद्याच्या अनुदानात हेच झालं. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल झाला. सरकारने क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं. अट अशी की सातबाऱ्यावर पीकपेऱ्यात कांदा हवा. पीकपेरा २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, फोटो काढून नोंदवायचा. कुणाकडे तसा फोन नाही, कुणाच्या मळ्यात रेंज नाही, कुणाला हे करायचं असतं हेच माहीत नाही. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात, कांदा विकलेला, भाडं भरलेलं, आणि उताऱ्यावर पेऱ्याची जागा कोरी. एक शेतकरी मला म्हणाला, ‘म्हणजे मी कांदा इकला, पण पिकवला नाही?’ ओरड झाल्यावर, ज्यांची नोंद नाही त्यांच्यासाठी गावपातळीवरच्या समितीने पाहणी करून द्यायचं ठरलं. म्हणजे शेवटी पाहणी करायला माणसंच लागली. ॲप वाईट नाही. ज्याने नोंद केली त्याला तलाठ्याच्या मागे फिरावं लागलं नाही. पण ॲपवर नसलेलं शेत जगातच नाही, असं धरून नियम लिहिला होता.

पूर्वी ‘नाही’ म्हणणारा एक माणूस असायचा. त्याच्यावर चिडता यायचं, त्याच्या ओळखीतलं कुणी शोधता यायचं, कधी त्याला लाजही वाटायची. आता ‘नाही’ येतं ते पडद्यावर लाल अक्षरात, इंग्रजीत. लोक विचारतात, ‘काय म्हणतंय ते?’ मी सांगते, ‘सर्व्हर बंद आहे’ किंवा ‘रेकॉर्ड जुळत नाही’. मग ते माझ्यावर चिडतात, कारण चिडायला समोर मीच आहे. २०१७ च्या कर्जमाफीचे ऑनलाइन फॉर्म आठवले की अजून पोटात गोळा येतो. नवरा-बायको दोघांनी अंगठे द्यायचे, साइट रात्री चालायची, तर दोन वाजता माणसं मोटारसायकलवर येऊन ओट्यावर झोपलेली असायची.

पण त्या जुन्या माणसाची आठवण गोड करून सांगायचं मला काही कारण दिसत नाही. तो माणूस आधी आडनाव विचारायचा. कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला दारात उभं ठेवायचं, हे त्यावर ठरायचं. आमच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याने मला एकदा सांगितलं, ‘बाई, ह्या तुमच्या डब्याला मी कोण हाय ते कळत नाही, हे लई चांगलं हाय.’ उत्पन्नाचा दाखला त्याला पहिल्यांदा कुणाचेही पाय न धरता मिळाला होता. सर्व्हर बंद असतो तेव्हा तो सगळ्यांनाच बंद असतो. या वाक्यात केवढं मोठं सुख आहे ते ज्याला दारात उभं राहावं लागलं त्यालाच कळेल, आणि मला तरी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ‘पूर्वीच बरं होतं’ असं म्हणवणार नाही.

अंगठ्याचा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखा नाही. मास्तरांचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटतो. कांदा काटणाऱ्या, निंदणीला जाणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. मी ओलं फडकं ठेवते, खोबरेल ठेवते, दहाही बोटं आलटून-पालटून लावून बघते. ज्याने सगळ्यात जास्त हात वापरले त्यालाच मशीन ओळखत नाही. हल्ली चेहरा दाखवून काम होतं काही ठिकाणी. तेवढाच आधार.

आता ओटीपीचं सांगते. बँक सांगते, फोनवर रेकॉर्ड वाजतं, पोलिस बोर्ड लावतात: ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि दिवसभर माझ्या दुकानात काय चालतं? ‘मावशी, आलेला आकडा सांगा.’ ‘घ्या, चार सात...’ पीएम किसानचं ई-केवायसी असो, पॅन असो, लाडकी बहीण असो, ओटीपी सांगितल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याने तो स्वतः टाकावा असं नियम धरून चालतो. तो टाकत नाही. तो मला सांगतो. आम्हीच माणसांना सवय लावली की टेबलामागे बसलेल्या, गोड बोलणाऱ्या, घाईत असलेल्या माणसाला आकडा सांगायचा. ठगाला वेगळं काही करावंच लागत नाही, तो फक्त माझ्यासारखा बोलतो.

पीएम किसानचा हप्ता वाढवून मिळेल म्हणून एका शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली. ओळखीच्याच नंबरावरून आली, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच गेला होता. ती उघडल्यावर त्याचे मेसेज दुसरीकडे जायला लागले आणि रात्रीतून कांद्याचे पैसे खात्यातून गेले. सकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा आधी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार जितकी लवकर तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. थोडे अडले, बरेच गेले. त्याला पैशांपेक्षा एक गोष्ट लागली होती. ‘ताई, सरकारचा फोटो होता त्याच्यावर,’ तो पुन्हापुन्हा म्हणत होता. सरकारच्या खऱ्या कामाचे मेसेजही त्याला तसेच येतात, तशाच भाषेत, तशाच घाईने. त्याने फरक कशावरून करायचा होता?

अफवेबद्दल लिहायला हात जड होतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. त्या आठवड्यांत तेच व्हिडिओ आमच्याही गावात सगळ्यांच्या फोनवर होते. एका दुपारी दोन फिरस्त्यांना पंधरा-वीस पोरं घेरून माझ्या दुकानात घेऊन आली. का, तर यांचं आधार खरं आहे का ते मशीनवर बघा. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं, शटर अर्धं खाली ओढलं, पोलिस पाटलांना फोन लावला आणि ते येईपर्यंत उगाचच कीबोर्ड बडवत बसले. दोघांतला म्हातारा म्हणाला, ‘माझ्या आज्यापासून आम्ही ह्या गावात येतो, बाई.’ खरंच येत होते. माझ्या आईने त्यांना सुपाने धान्य घातलेलं मी पाहिलंय. जमावातल्या पोरांच्या आयांनीही घातलं असेल. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख एका व्हिडिओपुढे टिकली नाही आणि त्यांना वाचवायला पुन्हा एका कार्डाचाच आधार घ्यावा लागला. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उशीर झाला होता, पण फरक पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

कांद्याच्या भावाचं मात्र लोक समजतात तेवढं सोपं नाही. बूथच्या काळात वाटायचं, शेतकऱ्याला दूरच्या बाजाराचा भाव कळला की तो लुटला जाणार नाही. आता लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, सगळीकडचे भाव दुपारपर्यंत फोनवर असतात. त्याचा फायदा झाला. गावातला खरेदीदार उघडउघड खोटं बोलू शकत नाही. पण ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री कांदा निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि सकाळपर्यंत घराघरात कळला. ट्रॅक्टर भरून तयार होते. काय पडणार ते सगळ्यांना माहीत होतं आणि करता येण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, कारण लाल कांदा साठवून राहत नाही. मोठ्या व्यापाऱ्यालाही तीच बातमी त्याच वेळी मिळाली होती. फरक इतकाच की त्याला थांबता येत होतं. आधी शेतकरी भाव न कळता लुटला जायचा, आता कळून लुटला जातो, असं आमच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले. मला ते अर्धंच खरं वाटतं. कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पाडायला माणसं गोळा झाली. न कळता एवढी माणसं जमली नसती.

आणि एक, जे माझ्यासारख्यांशिवाय कुणी सांगणार नाही. माझ्या कपाटात आणि कॉम्प्युटरमध्ये आजूबाजूच्या गावांतल्या बायकांची नावं, वयं, फोन नंबर, बँक खाती आहेत, फॉर्म भरता-भरता साठलेली. एका निवडणुकीच्या आधी एक गृहस्थ आले, फरसाणाचा पुडा घेऊन. फक्त नावं आणि मोबाइल पाहिजेत म्हणाले, शुभेच्छा पाठवायच्यात. किती पैसे ते मी लिहीत नाही. मला मोह पडावा इतके होते. मी दिली नाहीत. पण तालुक्यात माझ्यासारखी किती केंद्रं आहेत आणि सगळ्यांचं घरभाडं वेळेवर निघत नाही, हेही मला माहीत आहे. फॉर्म भरून आठवडा होत नाही तोच बायकांना कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू होतात, तेव्हा यादी कुठून गेली हे कुणी शोधत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याची प्रत कुणी माझ्या दुकानात आणून दिलेली नाही. मी आपली रद्दीतले आधारचे झेरॉक्स फाडून चुलीत घालते, जुन्या सवयीने.

माझं मागणं फार नाही. तहसीलला जमिनीचा, पुरवठ्याचा, निवडणुकीचा विभाग असतो, तसं एक टेबल दुरुस्तीचं हवं. तिथे एक माणूस बसावा, ज्याला त्या दोन जावांना समोरासमोर उभं करून, गावातल्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष घेऊन, वय बदलण्याचा अधिकार असेल आणि चुकीचं बदललं तर त्याची जबाबदारीही असेल. त्याने किती दिवसांत निर्णय द्यायचा ते दारावर लिहिलेलं असावं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहेच, दाखल्यांना मुदती आहेत, दुरुस्तीलाही घाला.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आई-वडील गावी आहेत त्यांनी पुढच्या सुट्टीत एवढं करावं. त्यांचं आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते बघावं, कारण योजनेचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, जोडलेल्या खात्यात जातात. माझ्याकडे एक मावशी महिनोन् महिने ‘आले का?’ विचारायला यायची आणि पैसे तिच्या विसरलेल्या जनधन खात्यात पडून होते. सातबारा आणि आठ-अ काढून मोठ्याने वाचून दाखवावा, घरातल्या मुलींसमोर. जन्मतारीख चुकली असेल तर योजना यायची वाट न बघता आताच कागद शोधायला लागावं. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आल्यावर माझ्याकडे येऊ नका. तेव्हा माझ्याही हातात काही उरलेलं नसतं.